सायकल उडवायला पाय बांधावे लागतात का? सावरगावच्या काठावर सुरू झालेला वाद, आणि त्याचं उत्तर

सावरगाव (जि. पांढुर्णा) : सावरगावचं नाव काढलं की बाहेरच्या माणसाला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची गोटमार आठवते. जाम नदीच्या एका काठाला सावरगाव, दुसऱ्या काठाला पांढुर्णा, मधात पळसाचं झाड आणि दोन्हीकडून दगड. वर्षाचे बाकीचे दिवस या काठावर काय चालतं, त्याची बातमी कोणी करत नाही. सध्या संध्याकाळी पाच-साडेपाचला इथं आठ-दहा पोट्टे जाड टायरच्या सायकली घेऊन जमतात. दोन विटा मांडतात, त्यांच्यावर तुरीची एक तुराटी आडवी ठेवतात, आणि चालती सायकल तिच्यावरून उडवायचा प्रयत्न करतात. दोन्ही चाकं हवेतून गेली आणि तुराटी शाबूत राहिली, तर जमलं. मोडली तर दुसरी तुराटी. तुराट्यांची आपल्याकडे काही कमी नाही.

या उडीला जगभर 'बनी हॉप' म्हणतात, म्हणजे सशाची उडी. रॅम्प नाही, उतार नाही, सपाट जमिनीवरून फक्त अंगाच्या जोरावर सायकल उचलायची. १९७० च्या दशकात अमेरिकेत छोट्या चाकाच्या बीएमएक्स सायकली आल्या, त्यांच्यावर पोरांनी ही उडी रुजवली. पुढं डोंगरात चालवायच्या सायकलींवर, म्हणजे माउंटन बाइकवर ती आली. माउंटन बाइकची शर्यत १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकपासून आहे. आणि अशा शर्यतीत वाटेत मूळ, दगड, नाली आली तर उतरून सायकल उचलणारा मागं पडतो, उडवणारा पुढं जातो. आपल्याकडे शर्यत नसली तरी खड्डा आहे, ब्रेकर आहे, रात्री रस्त्यात पडलेला दगड आहे. तेव्हा ही नुसती फुशारकीची गोष्ट नाही.

वाद सुरू झाला तो पायडलावरून. आणि तो आमच्याच घरातून सुरू झाला, म्हणून मला त्यात पडावं लागलं.

माझा पुतण्या यंदा दहावीला. त्याने मोबाइलवर व्हिडिओ पाहिले आणि ठरवलं, की आपली उडी पायडलामुळे अडली आहे. व्हिडिओतल्या माणसाचा बूट पायडलाला जोडलेला होता. पाय वर घेतला की सायकल आपोआप वर. "काका, पाय चिकटलेला असला की झालं नं. मग काहून एवढी मेहनत करायची?" असा त्याचा सवाल. नागपुरातल्या एका ओळखीच्या मुलाकडून त्याने जुनी पायडलं आणि बूट आणले. पैसे अर्थातच माझ्या भावाचे.

आठ दिवसांत पोरगा तुराटी उडवायला लागला. बाकीचे पोट्टे तोंडात बोट घालून पाहत राहिले. नवव्या की दहाव्या दिवशी त्याने तीच उडी जरा तिरपी मारली. हवेत एक टाच बाहेर वळली, तो बूट सुटला, दुसरा अडकलेलाच राहिला. सायकल एकीकडे, पोरगा एकीकडे, आणि दोघांच्या मधात एक अडकलेला पाय. मनगटाला प्लास्टर. दहावीचं वर्ष, उजवा हात. घरात काय झालं असेल ते सांगत नाही.

प्लास्टर निघाल्यावर त्याच्या सायकलीला पुन्हा साधी पायडलं लावली, आणि तेव्हा खरी गोष्ट उघडी पडली. आठ दिवस तुराटी उडवणाऱ्या या पोराला साध्या पायडलावर मागचं चाक दोन बोटंसुद्धा उचलता येईना. म्हणजे तो उडी शिकलाच नव्हता.

दोन पायडलं, एक उलटं नाव

आधी वस्तू समजून घेऊ. आपल्या नेहमीच्या सायकलीला असतं ते सपाट पायडल. प्लास्टिकचं किंवा लोखंडी, पाय नुसता वर ठेवायचा. डोंगरी सायकलवाले याचाच रुंद, ॲल्युमिनियमचा प्रकार वापरतात. त्यावर बारीक स्क्रूसारख्या पिना उभ्या असतात आणि त्या बुटाच्या रबरात रुततात.

दुसरं ते जोडाचं पायडल. बुटाच्या तळव्याला लोखंडाची एक छोटी खाच असलेली पट्टी स्क्रूने बसवतात, तिला क्लीट म्हणतात. पायडलात स्प्रिंगचा जबडा असतो. वरून दाबलं की खट् आवाज होऊन पट्टी अडकते, टाच बाहेर वळवली की सुटते. गंमत अशी, की पायाला धरून ठेवणाऱ्या या पायडलाचं इंग्रजी नाव 'क्लिपलेस', म्हणजे क्लिप नसलेलं! पूर्वी शर्यतवाले पायडलाला चवड्यापुढे लोखंडी पिंजरा लावत आणि पट्ट्याने पाय आवळत. त्या पिंजऱ्याला क्लिप म्हणत. तो गेला, म्हणून क्लिपलेस. फ्रान्सच्या लुक कंपनीने १९८४ मध्ये रस्त्याच्या शर्यतीसाठी असं पायडल आणलं. बर्नार हिनोने १९८५ ची टूर द फ्रान्स त्यावर जिंकली आणि पिंजऱ्याचे दिवस भरले. डोंगरी सायकलीसाठी जपानच्या शिमानोने १९९० मध्ये एसपीडी नावाचा छोट्या पट्टीचा प्रकार काढला. ती पट्टी बुटाच्या तळव्यात खोल बसते, त्यामुळे बूट घालून चालताही येतं. पुतण्याने आणलं ते याच जातीचं.

सायकल वर जाते ती कशाने?

सगळं उत्तर इथं आहे, म्हणून जरा सावकाश वाचा.

पोरांचा समज असा असतो, की सायकल हाता-पायांनी ओढून वर घ्यायची. तुम्ही जमिनीवर उभे राहून खुर्ची उचलता, तेव्हा तुमचे पाय जमिनीवर असतात, म्हणून ती वर येते. सायकलीवर तुमचे पायच सायकलीवर आहेत. स्वतः बसलेली खुर्ची स्वतःच कशी उचलणार? आधी अंग वर जायला पाहिजे. अंग वर गेलं, त्याचा भार सायकलीवरून उतरला, की मग सायकल मागोमाग वर घ्यायची. पन्नास-पंचावन्न किलोचा पोरगा आणि पंधराएक किलोची सायकल यात खरं काम पोराला वर फेकण्याचं आहे. सायकल हलकी गोष्ट.

अंग वर फेकायचं ते असं. चालती सायकल, पायडलं आडवी, म्हणजे दोन्ही पाय एका पातळीत. ढुंगण सीटवर नाही. आधी कोपर-गुडघे वाकवून खाली दबायचं. मग हात सरळ ठेवून अंग मागं आणि खाली न्यायचं, सीटच्याही मागं. टाचा खाली. हँडल ओढायचं नाही, अंगाच्या वजनाने पुढचं चाक आपसूक उठतं. आता सायकल मागच्या चाकावर उभी आहे. या क्षणी पाय ताणून सरळ उभं राहायचं, जशी विहिरीच्या काठावरून उडी मारतो तशी, आणि हँडल कमरेपाशी येऊ द्यायचं. इथं अंग वर निघालं.

राहिलं मागचं चाक. ते पाय न बांधता वर कसं येईल, हाच पुतण्याचा प्रश्न होता. ते दोन गोष्टींनी येतं. एक, हातांनी हँडल पुढं ढकललं की हवेतली सायकल नाकावर झुकते आणि शेपूट वर येतं. तराजूसारखं. दोन, पाय. हवेत जाताना चवडे खाली वळवायचे आणि पायडलाला मागच्या बाजूला रेटायचं. जेवताना ताटातला वरण-भात बोटांनी कडेला ओढून वर घेतो, तशी ती हालचाल आहे. तळवा तिरपा झालेला असतो, मागं रेटलेलं पायडल त्या तिरप्या तळव्याला घट्ट धरून मागं आणि वर येतं, त्यासोबत मागचं चाकही. चिकटवायला काही लागत नाही, घर्षण पुरतं. म्हणूनच पिना असतात आणि म्हणूनच तेलकट झालेल्या प्लास्टिकच्या पायडलावर चपला घालून हे जमत नाही. पायडलं आडवी का ठेवायची तेही इथं कळतं. दोन्ही पाय सारखे मागं रेटले तरी आडवी पायडलं फिरत नाहीत. एक वर एक खाली असेल आणि दोन पायांचा जोर कमी-जास्त झाला, तर ती गरकन फिरतील.

जोडाच्या पायडलावर काय होतं? वरचं सगळं गाळून पोरगा सरळ वर उडी मारतो, गुडघे छातीशी घेतो, बुटाला अडकलेली सायकल त्याच्यासोबत उचलली जाते. दोन्ही चाकं एकदमच, आडवी. चार-पाच इंच मिळतातही. पण मागं जाणं नाही, उभं राहणं नाही, हँडल पुढं ढकलणं नाही. मी बी.कॉम. माणूस, मला ही उधारीची विक्री वाटते. वहीत धंदा दिसतो, गल्ल्यात पैसा नाही. विटेची उंची वाढली की ही उडी तिथंच थांबते.

आणि धोका वेगळाच. एसपीडीच्या पट्ट्या दोन जातीच्या मिळतात. एक बहुतेक काळ्या रंगाची, एसएच-५१, ती टाच बाजूला वळवली तरच सुटते. दुसरी बहुतेक चंदेरी, एसएच-५६, ती नवशिक्यांसाठी, इतरही दिशांनी सुटते आणि पाय जोरात वर ओढला तरी सुटू शकते. म्हणजे ज्या ओढण्यावर पोरगा उडी मारतो, त्याच ओढण्याने हवेत बूट सुटण्याची शक्यता. पडताना लवकर सुटावं म्हणून दिलेली सोय इथं उलटी पडते. पुतण्याच्या बुटाला कोणती होती? मी नंतर पाहिलं. चंदेरी.

मग जोडाचं पायडल वाईट का?

नाही. ते शर्यतीचं अवजार आहे. दोन-दोन तास खडबडीत वाटेवर जोराने पायडल मारायचं असेल तर पाय जागचा हलत नाही, उसळी बसली तरी निसटत नाही. जगातले बहुतेक लांब पल्ल्याचे डोंगरी सायकलपटू तेच वापरतात, आणि ते बनी हॉपही त्यावरच मारतात. पण त्यांची उडी पाहा. आधी पुढचं चाक, मग मागचं, अगदी वर सांगितली तशीच. बूट अडकलेला असतो, उडी त्याच्यावर टांगलेली नसते.

उलट बाजूचं उदाहरणही आहे. ऑस्ट्रेलियाचा सॅम हिल. उतारावरच्या शर्यतीत, जिथं सायकल दगडांवरून अक्षरशः आदळत जाते, तो २००६, २००७ आणि २०१० मध्ये जगज्जेता झाला. पुढं २०१७ ते २०१९ सलग तीन वर्षं एंड्युरो वर्ल्ड सिरीज जिंकला. सगळं सपाट पायडलावर. तेव्हा पाय बांधल्याशिवाय मोठं होता येत नाही, हे पोरांच्या डोक्यातलं काढून टाका.

आपल्या भागाचा आणखी एक मुद्दा आहे, तो व्हिडिओत कोणी सांगणार नाही. काळी माती. तुम्ही वरुडला असा, नरखेडला असा, की सौंसरला, पावसाळ्यात वावरातून सायकल काढून पाहा. ती माती बुटाच्या तळव्यातल्या पट्टीत अशी भरते, की पायडलाचा जबडा बसतच नाही, आणि वाळली की चाकूने कोरावी लागते. पिनांच्या सपाट पायडलालाही माती लागतेच, पण पाय झटकला की काम चालतं.

पैशाचंही सांगतो. किंमत दुकानागणिक बदलते, पण अंदाज असा, की पिनांच्या ॲल्युमिनियमच्या साध्या जोडीला हजाराच्या आसपास पडतात. जोडाच्या पायडलाला त्याच्या दुप्पट-तिप्पट, आणि त्याचे बूट पायडलाहून महाग. बूट पोराच्या पायासोबत वाढत नाहीत. पंधरा वर्षांच्या पोराला सहा महिन्यांत ते आखूड होतात, हा हिशोब भावाने केला नव्हता. सपाट पायडलाला शाळेचे कॅनव्हासचे बूट चालतात. तळवा सपाट आणि रबराचा हवा, पळायच्या बुटांसारखा जाड टाचेचा नको.

पिनांचा एक तोटा लपवत नाही. पाय घसरला की पायडल गरकन फिरून नडगीवर बसतं, आणि त्या जखमा मी पाहिल्या आहेत. फुटबॉलचे शिनगार्ड मोज्यात घाला. नसतील तर जुन्या पुठ्ठ्याचे तुकडे मोज्यात घातलेलेही मी इथं पाहिले. दिसायला काही असो, नडगी वाचली.

काठावर आता शिकतात ते असं

सायकल आधी पाहा. आपल्याकडे जाड टायरची सायकल कोणत्याही कंपनीची असो, तिला रेंजरच म्हणतात. पुढं-मागं शॉकप असलेली स्वस्त रेंजर यासाठी सगळ्यात वाईट. ती जड असते आणि तुम्ही मारलेला जोर मागची स्प्रिंगच खाऊन टाकते. मागं शॉकप नसलेली बरी. सीट पूर्ण खाली. कॅरिअर, घंटी, मडगार्ड, जे खुळखुळतं ते काढा. हँडलचा बोल्ट आणि दोन्ही चाकांचे नट आवळून घ्या. हवा नेहमीइतकी, कमी नको, नाहीतर उतरताना रिम आपटते. डोक्याला हेल्मेट. आणि शाळेतून मिळालेली सायकल यासाठी वापरू नका. मध्य प्रदेशात सहावी-नववीत मिळणारी असो, की महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमात मुलींना मिळणारी असो, ती शाळेत जाण्यासाठी बनली आहे, आदळायला नाही. फ्रेम मोडली तर शाळा बुडते.

पहिले काही दिवस विटा-तुराटी काही नाही. फक्त पुढचं चाक. हात सरळ, अंग मागं, चाक वर. उलटून पडायची भीती वाटते, म्हणून एक बोट मागच्या ब्रेकवर ठेवायचं. फार मागं गेलं की तो ब्रेक दाबला, पुढचं चाक खाली येतं. ही सवय हाताला लागेपर्यंत पुढं जाऊ नका.

मग फक्त मागचं चाक. पुढचं जमिनीवरच. चवडे खाली, पायडल मागं रेटायचं, हँडलवर भार द्यायचा. पहिल्या दिवशी काहीच होत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एकदम शेपूट उचललं जातं आणि पोरगा मागं वळून पाहतो, की हे मीच केलं का. पुतण्याला इथंच सगळ्यात जास्त वेळ लागला, सतरा दिवस. पाय वर ओढायची लागलेली सवय आधी सुटावी लागली. तो पाय ओढायचा आणि पाय एकटाच वर यायचा, पायडल खालीच. त्याच्यासोबत सुरू केलेल्या, जोडाचं पायडल कधी न पाहिलेल्या सातवीतल्या एका पोराला तेच पाच दिवसांत आलं.

दोन्ही जोडायचं ते शेवटी. वेग धावत्या माणसाइतका, त्याहून जास्त नको. आधी जमिनीवर चुन्याची रेघ. मग वीट. आपली साधी वीट आडवी ठेवली तर साधारण तीन इंच, कुशीवर साडेचार, उभी केली तर नऊ. दोन विटांत तीन इयत्ता झाल्या. वर तुराटीच ठेवा, बांबू नको. तुराटी मोडते, बांबू पोराला मोडतो. कोणतं चाक लागलं तेही तुराटी सांगते. मागच्या चाकाने मोडली तर बहुतेक वेळा तुम्ही उभं राहायला घाई केली किंवा हँडल पुढं ढकललंच नाही. पुढच्याने मोडली तर उडीच उशिरा घेतली.

जोडाची पायडलं लावायची वेळ कधी? माझ्या मते उभ्या विटेवरून, सपाट पायडलावर, दहापैकी आठ वेळा तुराटी शाबूत राहिली की. त्याआधी नाही. तेव्हाही पायडलावरच्या स्क्रूने स्प्रिंग पूर्ण ढिली करायची, भिंतीला हात लावून उभ्या सायकलीवर दोन्ही टाचा बाहेर वळवायचा सराव करायचा, पन्नास-साठ वेळा, डोक्याने विचार न करता पाय सुटेपर्यंत. पहिल्यांदा पडणारे बहुतेक जण उडीत पडत नाहीत, थांबताना पडतात. गेटपाशी सायकल थांबते आणि पाय अडकलेला असतो.

पायडलं घरीच बदलता येतात, मिस्त्रीकडे जायची गरज नाही. पंधरा नंबरचा पाना लागतो, काहींना आतून एलन की. उजवं पायडल नेहमीसारखं सुटतं. डाव्याचा आटा उलटा असतो, घड्याळाच्या काट्यासारखं फिरवलं की सुटतं. हे माहीत नसल्याने आटे खाल्लेली क्रँक मी आमच्याच घरात पाहिली आहे. नवीन जोडी घेण्याआधी जुन्याचा आटा मोजून घ्या. बहुतेक सायकलींना नऊ सोळांश इंच लागतो, काही लहान पोरांच्या सायकलींना अर्धा इंच. बसवताना आट्याला थोडं ग्रीस लावा, नाहीतर पुढच्या वेळी सुटणार नाही.

पुतण्या आता साडेचार इंचावर आहे. उभी वीट त्याने दोनदा उडवली, पण दोनदाच. रविवारी सकाळी एक तास, तेवढीच परवानगी आहे. जोडाची पायडलं आणि बूट वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवले आहेत. निकाल लागल्यावर बघू, असं भाऊ म्हणतो. तोवर बूट आखूड होणार, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.